पावसाळ्यात ओल्या फणसाचे वाडगे सुकवताना

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत, मांगराच्या (गोठा-कोठाराच्या) मागचा आजीच्या वेळचा फणस २१ मे २०२५ च्या रात्री वाऱ्यात उन्मळून पडला. पडताना शेजारच्या रायवळ आंब्याची एक जाड फांदीही घेऊन गेला. हवामान खात्याने मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचल्याचं २५ मेला जाहीर केलं, पण आमच्याकडे त्याआधीचे चार-पाच दिवस नुसता धुमाकूळ चालला होता. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कोरडी हवा मिळते. यंदा तीही मिळणार नव्हती.

गेली काही वर्षं मी घरच्या लहान लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) लाटणी, रव्या, डब्यांची झाकणं असं कातकाम करते. तेही वखारीतून आणलेल्या सुक्या लाकडाचं. ओल्या लाकडाचा वाडगा मी कधी केला नव्हता. आजीच्या फणसाचं सरपण होऊ द्यायचं नाही, एवढं मात्र झाड पडलेलं पाहताक्षणी ठरवलं. आता फेब्रुवारी २०२६ मध्ये फडताळात त्याचे वाडगे रांगेने उभे आहेत. मधल्या काळात जे शिकले ते लिहून ठेवते आहे. ओल्या लाकडाबद्दल जे वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक थंड किंवा कोरड्या प्रदेशातल्या लोकांनी सांगितलेलं असतं: ओबडधोबड कातून कागदी पिशवीत घाला आणि सहा महिने विसरून जा. वेंगुर्ल्यात जुलै महिन्यात पिशवीत घालून विसरलेल्या लाकडाचं काय होतं ते पुढे येईलच.

आधी कागदपत्रं. मालकीच्या जमिनीत झाड आपोआप पडलं असेल तरी ते कापून न्यायला परवानगी लागते का, हा मला पडलेला पहिला प्रश्न. झाडं तोडण्याबाबतचा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, साग, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर अशी आपल्या परसातली बरीचशी झाडं येतात. आमची दोन्ही झाडं त्यात बसत होती. सरळ वाट धरायची ठरवली. तलाठी कार्यालयाला कळवून पंचनामा करून घेतला. वादळी पावसात गावात बरीच पडझड झाली होती, त्यामुळे ते पंचनामे चालूच होते. मग वनविभागाच्या कार्यालयात अर्ज दिला. सोबत सातबारा (डिजिटल सहीचा, ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो), पडलेल्या झाडाचे फोटो, छातीच्या उंचीला मोजलेला घेर आणि पंचनाम्याची प्रत.

अडलं ते सहहिस्सेदारांवर. कोकणातला सातबारा म्हणजे आजोबांपासूनची सगळी नावं. आमच्यावर काका, दोन आत्या, चुलतभाऊ असे सगळे आहेत आणि सगळ्यांची संमती मागितली गेली. मे महिना असल्यामुळे चाकरमानी मंडळी गावातच होती, हे नशीब. पण धाकट्या आत्या पावसाच्या भीतीने आधीच मुंबईला परतल्या होत्या. त्यांचा कागद कुरियरने आला, त्यात आठवडा गेला. तुमच्याकडे असं झाड पडलं तर मंडळी गाव सोडायच्या आत सह्या घ्या. परवानगीचा कागद १७ जूनला हातात आला. लाकूड आमच्याच आवारात कापून मांगरात ठेवायचं होतं, म्हणून मला वाहतूक पासाची गरज पडली नाही. बुंध्याचा मोठा भाग चुलतभावाला फळ्यांसाठी सॉमिलला न्यायचा होता, त्याने पास वेगळा काढला.

ते दिवस मी फार काळजीत काढले. लाकूड पावसात भिजतंय, सडणार, असं सारखं वाटायचं. आमच्या मेस्त्रींनी समजूत घातली. झाडाची अर्धी मुळं अजून मातीत होती, साल शाबूत होती, पानं हिरवी होती. असं झाड महिनाभर आडवं पडलं तरी आतून ओलं आणि निरोगी राहतं. साल हे लाकडाचं स्वतःचं वेष्टण आहे. लाकडाला धोका असतो कापलेल्या किंवा मोडलेल्या टोकांकडून, कारण लाकडातल्या नळ्या तिथे उघड्या पडतात आणि टोकाकडून पाणी बाजूंच्या मानाने दहा-पंधरा पट वेगाने जातं. आंब्याच्या फांदीचं मोडकं टोक तसं उघडं होतं. काकांनी त्यावर शेण आणि चिकणमातीचा जाड थर लिंपला आणि वर ताडपत्री बांधली. जुन्या लोकांची ही रीत पावसाचं पाणी थेट लागत नसेल तर चांगली चालते. उघड्या पावसात ती एका रात्रीत वाहून जाते.

२१ जूनला पावसाने उघडीप दिली आणि चेनसॉवाला आला. दिवसाचे २,००० रुपये, पेट्रोल-ऑईलसकट. खोड चिरण्यापूर्वी त्याच्याजवळ उभं राहून प्रत्येक काप खडूने आखून दिला, कारण वाडग्याला तडा जाणार की नाही याचा निम्मा निकाल इथेच लागतो. लाकूड सुकताना वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मं ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं, आणि लांबीत जवळजवळ आकसतच नाही. अख्खा गोल ओंडका सुकू दिला तर बाहेरचा घेर आवळत जातो, आतला भाग तेवढा आवळत नाही, आणि कुठेतरी सालीपासून मध्यापर्यंत चीर पडतेच. म्हणून ओंडका मध्यातून उभा चिरायचा आणि मधोमध असलेल्या भेंडाच्या (खोडाच्या मऊ मध्याच्या) दोन्ही बाजूंनी इंच-सव्वा इंच लाकूड काढून टाकायचं. ओंडक्याची लांबी वाडग्याच्या व्यासापेक्षा दोन-तीन इंच जास्त ठेवायची, कारण टोकांना बारीक चिरा पडल्या तर त्या कापून टाकता येतात. चेनसॉवाल्याला मधला भाग फेकायचा म्हणजे नासाडी वाटत होती. तो भाग चुलीत गेला.

माझ्या लेथवर बारा इंचांहून मोठं काही बसत नाही, तेव्हा वरच्या खोडाचे आणि जाड फांद्यांचे दहा-अकरा इंची ठोकळे घेतले. बुंध्याचा एकच मोठा, दोन इंच जाडीचा तुकडा बाजूला ठेवला. त्याची काथवट (पीठ मळायची लाकडी परात) करायची होती.

दुसऱ्या दिवसापासून कच्चे वाडगे कातायला घेतले. ओला फणस कातणं हे फार सुखाचं काम आहे. पटाशीखालून पिवळीधमक लांब सालपटं निघतात, तोंडावर पाण्याचे तुषार उडतात आणि मांगरभर फणसाचा वास सुटतो. सालीजवळचा चीक हत्याराला आणि हाताला चिकटतो. गरे काढताना लावतो तसं खोबरेल आधीच लावून घ्यायचं. भिंतीची जाडी व्यासाच्या एक दशांश ठेवली, म्हणजे दहा इंची वाडग्याला एक इंच. वाडगा सुकताना वाकडा होणारच, आणि पुन्हा कातून तो गोल करायला तेवढं लाकूड लागतं. सगळीकडे जाडी सारखी असणं मात्र फार महत्त्वाचं. बूड दीड इंच आणि काठ पाऊण इंच असेल तर काठ आधी सुकतो, बूड त्याला आवळू देत नाही, आणि काठ फाटतो.

प्रत्येक वाडग्यावर बुडाशी पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहिलं. या सगळ्या उद्योगात मला सर्वात जास्त उपयोग झाला तो ४५० रुपयांच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा. टोचायच्या पिनांचा मॉइश्चर मीटरही मी १,८०० रुपयांना घेतला होता, पण लाकूड फार ओलं असताना त्याच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. काट्यावर मात्र हिशोब चोख होतो. ठोकळ्यातून उरलेला एक तुकडा लगेच तोलला, ९० ग्रॅम भरला. तो घरच्या ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडं वर ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवला, तेव्हा ५० ग्रॅम राहिला. म्हणजे ५० ग्रॅम लाकडात ४० ग्रॅम पाणी, ८० टक्के ओल. आता माझा पहिला वाडगा १,६२५ ग्रॅमचा होता. त्याला १.८ ने भागलं की त्यातलं कोरडं लाकूड निघतं, सुमारे ९०३ ग्रॅम. पुढे कधीही वाडगा काट्यावर ठेवला की ओल किती उरली ते सांगता येतं. १,१५५ ग्रॅम म्हणजे २८ टक्के, १,०८५ म्हणजे २० टक्के, १,००२ म्हणजे ११ टक्के. हे आकडे मांगराच्या दारामागे खडूने लिहून ठेवले होते.

यातला २८ टक्क्यांच्या आसपासचा टप्पा समजून घेण्यासारखा आहे. ओल्या लाकडातलं बरंचसं पाणी नळ्यांमध्ये मोकळं असतं. ते गेल्याने लाकूड हलकं होतं, पण आकसत नाही. ते संपून तंतूंच्या भिंतींतलं पाणी जायला लागलं की आकसणं सुरू होतं. अडचण अशी की वरचा थर त्या टप्प्याला लवकर पोचतो आणि आतलं लाकूड ओलंच असतं. वरचा आवळतो, आतला दाद देत नाही, आणि तडा जातो. म्हणजे सुकण्याचा वेग नव्हे, तर आत-बाहेरच्या ओलीतला फरक तडा पाडतो. दुसरीकडे, लाकडाचा वरचा थर वीस टक्क्यांपेक्षा ओला राहिला आणि हवा कोंदट असली की बुरशी धरते. वाट या दोन्हींच्या मधून काढायची असते.

एकाच पद्धतीवर सगळं झाड लावायचा धीर मला नव्हता, म्हणून वाडग्यांचे मुद्दाम वेगवेगळे गट केले. काही वाडगे पुस्तकी पद्धतीने छिलक्यांसह कागदी पिशवीत घातले. चौथ्या दिवशी पिशवी उघडली तर काठावर पांढरं मऊ जाळं होतं. दुसऱ्या आठवड्यात हिरवे-काळे ठिपके आले, आणि छिलके आंबल्याचा असा वास होता की काकूंनी ती पिशवी पडवीतून बाहेर काढायला लावली. कोरड्या प्रदेशात पिशवी वाडग्याचं सुकणं हळू करते. आमच्याकडे जुलैत बाहेरच्या हवेची आर्द्रता नव्वद टक्के असते. तिथे आणखी हळू करायला जागाच नाही. त्यातला एक वाडगा अगदी सरळ रेषांचा, सुंदर होता. तो गेला, त्याचं फार वाईट वाटलं. उरलेले पुसून उघड्यावर काढले आणि त्यांची वरची बुरशी पुढे दुसऱ्या कातणीत निघून गेली, पण पांढऱ्या लाकडात आत शिरलेले काळे डाग राहिले.

दुसऱ्या गटाचे वाडगे उकळले. कच्चा वाडगा पाण्यात पूर्ण बुडवून, जाडीच्या दर इंचाला एक तास या हिशोबाने उकळायचा, अशी रीत कातकाम करणाऱ्यांमध्ये आहे. आमच्याकडे उकडे तांदूळ करताना भात उकडायचा मोठा टोप आहे. तो न्हाणीघराबाहेरच्या चुलीवर चढवला आणि वाडगे तरंगू नयेत म्हणून वर जातं ठेवलं. काकू बघून म्हणाल्या, "लाकडाचो भात उकडतंस काय गो?" तासाभरात पाणी हळदीसारखं पिवळं झालं. फणसाच्या गाभ्यात पक्का पिवळा रंग असतो. आग्नेय आशियातल्या बौद्ध भिक्षूंची वस्त्रं त्याच रंगात रंगवत आली आहेत. जुनं सुती फडकं त्या पाण्यात बुडवलं तर छान रंगलं. तेव्हा टोप स्टीलचा घ्या आणि नंतर लगेच घासा.

उकळलेले वाडगे त्याच पाण्यात थंड होऊ दिले. गरम बाहेर काढून वाऱ्यात ठेवले तर बाहेरचा थर झपकन सुकतो. उकळलेल्यांना बुरशी धरायला न उकळलेल्यांपेक्षा बराच उशीर लागला आणि तडेही कमी गेले. पण उकळलं म्हणजे काम झालं असं नाही. हवेत बुरशीची बीजं असतातच. कोंदट कोपऱ्यात ठेवलेल्या उकळलेल्या वाडग्यावरही ती आलीच.

खरा फरक पडला हवेने. मांगरात चिवाऱ्याच्या (बारीक बांबूच्या) कामट्यांचं दोन मजली मचाण बांधलं. वाडगे एकमेकांना न टेकता, कडेवर तिरपे ठेवले, म्हणजे आत आणि बाहेर दोन्हीकडून हवा जाईल. जुना टेबलफॅन लावला, पण त्याचं तोंड वाडग्यांकडे न ठेवता समोरच्या भिंतीकडे केलं. थेट वारा लागलेली बाजू फाटते. भिंतीवर आपटून फिरणारी हवा मात्र लाकडाभोवती साचलेली दमट हवा हलवत राहते. ज्या भागात लाकडाचं टोक उघडं पडतं, म्हणजे वाडग्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू, तिथे पातळ मेण चढवलं. साधं मेणबत्तीचं मेण, किलोभर पुरून उरलं. ते वितळवताना डबा थेट आगीवर ठेवू नका, मेण पेट घेतं. पाण्याच्या टोपात डबा ठेवून वितळवायचं. मेण सगळ्या वाडग्याला लावलं तर ओल आत कोंडते, म्हणून पावसाळ्यात फक्त त्या दोन बाजूंना.

फॅन रात्रंदिवस चालू ठेवला तरी दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास वीज जाते. लाईट मात्र जायची. एकदा दोन दिवस नव्हती आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वाडग्यांना भुरी आली. पांढऱ्या व्हिनेगरने पुसून, फॅन सुरू झाल्यावर ती थांबली. बुरशी आलेलं लाकूड घासताना किंवा कातताना नाक-तोंडाला चांगला मास्क हवा. ती धूळ छातीत जाऊ देण्यासारखी नाही.

काही वाडगे काकांच्या सांगण्यावरून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवले. तिथे आमच्याकडे पावसाळ्यात सुकी मासळी आणि बियाणं ठेवतात. बुरशीच्या दृष्टीने ही जागा अव्वल. एकालाही ठिपका आला नाही. पण खालून ऊब लागणारी बाजू भराभर सुकते, त्यामुळे रोज फिरवावे लागतात. घरी माणसं असतील आणि रोज चूल पेटत असेल तर हा मार्ग मी आनंदाने सुचवेन. धुराचा रंग वरच्यावरच असतो, कातताना जातो.

आंब्याबद्दल थोडंच. आंब्याचं लाकूड साखर-पिष्टाने भरलेलं, त्यामुळे बुरशी आणि पोखरणारे किडे दोघांनाही प्रिय. आठ-दहा दिवसांत त्यात निळ्या-काळ्या रेघा धावल्या. त्या काहींना आवडतात, मलाही एका वाडग्यावर आवडल्या. पण स्वच्छ लाकूड हवं असेल तर आंबा कापल्या दिवशीच कातून उकळला पाहिजे. किड्यांसाठी टाकणखार आणि बोरिक पावडरच्या पाण्यात लाकूड बुडवतात. खाण्याच्या भांड्यांसाठी मी ते वापरलं नाही, कोणी वापरू नये असं मला वाटतं.

दर रविवारी वजनं लिहीत होते. पहिला वाडगा जुलैच्या मध्यावर १,२९० वर आला, महिनाअखेर १,१५५ वर. इथून पुढे रोज काठ निरखायची सवय लागली. केसाएवढी चीर दिसली की त्यात लगेच पातळ सुपरग्लू सोडायचा. ती तिथेच थांबते. चतुर्थीला, २७ ऑगस्टला, घर माणसांनी भरलं होतं. मुंबईची आत्या मचाणासमोर बराच वेळ उभी राहिली, एकेक वाडगा हातात घेऊन बघितला. तेव्हा पहिल्या वाडग्याचं वजन १,०९२ होतं. मग सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ते १,०८५ वर आलं आणि तिथेच अडलं. दोन आठवडे एक ग्रॅम हलला नाही.

वजन थांबलं की लाकूड सुकलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते अर्धवट आहे. वजन थांबलं याचा अर्थ लाकडाचा त्या हवेशी मेळ बसला, एवढाच. नव्वद टक्के दमट हवेत लाकूड वीस टक्क्यांच्या आसपास ओल धरून राहतं, मग ते वर्षभर ठेवा. असा वाडगा पूर्ण करून पुण्याला पाठवला तर तिथल्या उन्हाळ्यात तो पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरणार आणि तेवढं आकसून फाटणार.

इथे बंद पडलेला फ्रिज कामाला आला. भंगारवाल्याकडून ७०० रुपयांना एकदारी फ्रिज घेतला. त्यातला गॅस आणि कॉम्प्रेसर दुरुस्तीवाल्याने आधीच काढलेला होता. तळाशी ४० वॅटचा पिवळा दिवा बसवला. एलईडी चालत नाही, तो पुरेसा तापत नाही. दिव्याभोवती जाळी, म्हणजे लाकूड त्याला टेकणार नाही. खाली दोन आणि वर दोन भोकं पाडली. २७ अंशांची नव्वद टक्के दमट हवा तुम्ही नुसती ३५ अंशांपर्यंत ऊबदार केलीत की तीच हवा ५७ टक्क्यांच्या आसपास येते, आणि त्या हवेत लाकूड दहा टक्क्यांपर्यंत खाली उतरतं. पाणी कुठे गेलं नाही, हवेची धरायची ताकद वाढली. वरची भोकं अत्यावश्यक आहेत. ती नसतील तर लाकडातून निघालेली वाफ आतच फिरते. ३५० रुपयांचा हायग्रोमीटर (हवेची आर्द्रता मोजायचं यंत्र) मधल्या जाळीवर ठेवला होता. आकडा पन्नासच्या खाली गेला की दिवा काही तास बंद.

फ्रिजमध्ये काय घालायचं याचा नियम मी कडक ठेवला: वीस टक्क्यांपर्यंत उतरलेलंच लाकूड. पाहण्यासाठी म्हणून गाठीचा एक टाकाऊ ओला तुकडा आत ठेवला होता. संध्याकाळी त्यातून तडतड आवाज आला आणि सकाळी त्यात बोट जाईल एवढी भेग होती.

एका वेळी पाच-सहाच वाडगे मावायचे. बाकीचे मचाणावर थांबले होते, आणि पाऊस ओसरून दुपारची कोरडी हवा सुरू झाली तेव्हा सगळा डाव उलटला. मला वाटतं, कोकणात लाकूड सुकवणाऱ्याने सर्वात सावध राहायचा काळ हाच. चार महिने हवा द्या, हवा द्या म्हणत होते, आता तीच हवा जास्त झाली. फॅन बंद केला. मांगराची उन्हाकडची खिडकी गोणपाटाने झाकली. वाडगे तोंड खाली करून ठेवले आणि जुन्या सुती लुगड्याने मचाण झाकलं. जुलैत ज्या कागदी पिशव्या नकोशा झाल्या होत्या त्या आता सगळ्या कामाला आल्या, कारण आता सुकणं खरोखरच हळू करायचं होतं. झाकायच्या आधीच्या दोन-तीन दुपारींत दोन वाडग्यांचे काठ फाटले. दोन्ही गाठीजवळचे होते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पहिला वाडगा १,००२ वर आला आणि फ्रिजबाहेर खोलीत पंधरवडाभर ठेवला तरी फारसा हलला नाही. मॉइश्चर मीटरनेही आता ११-१२ दाखवलं. काकांनी मे महिन्यातच सांगितलं होतं, "दसऱ्याआदी हेका हात लावू नको." माझी दिवाळीही गेली.

दुसरी कातणी जानेवारीत केली. लेथवरून उतरवताना अगदी गोल असलेला २५४ मिलिमीटरचा काठ आता अंडाकृती झाला होता. लाकडाच्या रेषेत २५३, आडवा २४५. इंचभर जाडीत हा फरक सहज सामावला आणि पाऊण सेंटिमीटर भिंतीचा गोल वाडगा निघाला. सुका फणस धूळ फार करतो, मास्क इथेही. रंग तेव्हा लिंबासारखा पिवळा असतो, उजेडात महिन्याभरात मधासारखा होतो, पुढे तपकिरी.

तेलासाठी खाण्याचं जवस तेल वापरलं. खोबरेल लाकडावर सुकून थर धरत नाही, जवस धरतं. अगदी पातळ हात, पुसून घ्यायचं, मग तीन-चार दिवस थांबायचं, असे काही हात आणि शेवटी मधमाशीचं मेण. जवस तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

पुण्याच्या बहिणीसाठीचा वाडगा फ्रिजमध्ये आणखी ठेवून नऊ टक्क्यांपर्यंत उतरवला, मगच पूर्ण केला. तो गेल्या महिन्यात गेला आहे. एसीच्या किंवा उन्हाच्या झोतात ठेवू नकोस, आणि त्यात भिजवलेलं काही रात्रभर ठेवू नकोस, एवढं तिला सांगितलं. चेनसॉ, मेण, काटा, मीटर, फ्रिज, तेल असा सगळा खर्च साडेसहा हजारांच्या आत राहिला, विजेचं बिल वेगळं. मॉइश्चर मीटर वगळला तरी चालेल. वजनकाटा वगळू नका.

काथवटीचा दोन इंची तुकडा अजून मांगरात कामट्यांवर आहे. त्याची टोकं मेणाने बंद आहेत, आणि तो आठवड्याला दहा-बारा ग्रॅमने अजून उतरतो आहे. वजन थांबेपर्यंत मेस्त्री त्याला वाकस (लाकूड तासायचं हत्यार) लावणार नाहीत. मे अखेरपर्यंत थांबलं नाही तर पुढचा पावसाळा तो चुलीवरच्या फळीवर काढेल. तिथे बसावा म्हणून फळी दोन इंचांनी रुंद करून घ्यायची आहे.